बास गरवायला पहिला रॉड कोणता घ्यावा?

तुम्ही विचारलंय ते असं: डॅलसच्या उत्तरेकडे नुकते राहायला आलात, घरामागे कॉलनीचं तळं आहे, शेजाऱ्याने तिथे बास मासा काढून दाखवल्यापासून नऊ वर्षांच्या मुलाने घर डोक्यावर घेतलंय. दुकानात गेलात तर तीस डॉलरपासून सहाशेपर्यंत रॉड, भिंतभर रंगीत रबरी अळ्या, आणि विक्रेत्याने थेट बेटकास्टर नावाच्या रिळाचा रॉड हातात ठेवला. काय घ्यावं? शिवाय भारतातून आलेल्या तुमच्या आईंचाही एक प्रश्न तुम्ही जोडलाय: धरलेला मासा परत सोडूनच द्यायचा, तर धरायचा कशाला?

रॉडचं सोपं आहे, ते आधी सांगतो. आईंच्या प्रश्नाचं उत्तर टेक्सासमध्ये एकवीस वर्षं गरवूनही मला धडपणे देता येत नाही, पण प्रयत्न करतो.

सात फुटांचा, मीडियम पॉवर आणि फास्ट ॲक्शनचा स्पिनिंग रॉड घ्या, त्यावर २५०० साइझचं स्पिनिंग रीळ. जोडी मिळून सत्तर ते शंभर डॉलर. पॉवर म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो ते, आणि ॲक्शन म्हणजे ती कुठून वाकते ते. फास्ट रॉड फक्त टोकाकडे वाकतो, बाकीचा ताठ राहतो. त्यामुळे तळाशी माशाने आमिष तोंडात घेतलं की त्याची टकटक थेट मुठीत येते. शंभराच्या पुढे जे पैसे जातात ते मुख्यतः दोन गोष्टींचे: रॉड हलका होतो आणि ही टकटक आणखी स्पष्ट लागते. फरक खरा आहे, नाकारत नाही. पण टकटक कशी असते हेच ज्याला अजून माहीत नाही, त्याने तिच्या स्पष्टपणासाठी चारशे डॉलर का मोजायचे?

हे मी कुठल्या तोंडाने सांगतोय तेही कबूल करतो. माझ्या गॅरेजमध्ये चौदा रॉड आहेत, वापरात चार. एका डब्यात नुसत्या हिरव्या रंगाच्या सात छटांच्या अळ्या आहेत आणि त्या सातांमधला फरक मला दिसतो, माशाला दिसतो की नाही ठाऊक नाही. सामान जमवणं हा एक छंद आणि मासे गरवणं हा दुसरा. दोन्ही मला आवडतात. पण पहिली पाच वर्षं मी दोन्ही एकच समजत होतो, आणि मासा लागला नाही की दुकानात जात होतो. जायला हवं होतं तळ्याच्या दुसऱ्या काठाला.

दोराचं मात्र रॉडपेक्षा जास्त मनावर घ्या. रिळावर १० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेला दोर, भरा आणि तिच्या टोकाला ८ पौंडी फ्लुरोकार्बन दोराचा सहा-सात फुटांचा तुकडा, म्हणजे लीडर, जोडा. ब्रेड ताणली जात नाही, म्हणून हाताला सगळं कळतं. पण ती पाण्यात उठून दिसते आणि दगडावर घासली की लवकर जाते. फ्लुरोकार्बन बुडतो, आणि त्याचा अपवर्तनांक पाण्याच्या जवळचा असल्यामुळे कमी दिसतो. दोन दोर जोडायला डबल युनी गाठ, गरीला पालोमार. या दोन गाठी टीव्हीसमोर बसून पन्नास पन्नास वेळा मारा. आवळण्याआधी थुंकीने ओल्या करायच्या, आणि आवळल्यावर जोरात ओढून बघायच्या. माझ्या हातून गेलेल्यांतला सगळ्यात मोठा मासा घाईत मारलेल्या गाठीपायी गेला. रीळ गुंडाळलं तर दोराच्या टोकाला डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं आलेलं. म्हणजे दोर तुटला नव्हता, गाठ सुटली होती. चूक सर्वस्वी माझी.

आता बेटकास्टर. वाईट यंत्र नाही, उलट जड आमिष आणि जाड दोर वापरायचा तर त्याला तोड नाही. पण त्यात फेक चालू असताना दोराची गरारी स्वतः फिरत असते. आमिषाचा वेग हवेत कमी होतो, गरारीचा होत नाही, आणि सुटलेला दोर बाहेर जायला जागा नसल्याने आतच साचतो. इथले लोक त्याला घरटं म्हणतात. पहिल्या दिवशी मी अशी अकरा घरटी सोडवली आणि मग कात्री काढली. स्पिनिंग रिळाची गरारी फेकताना स्थिर असते, दोर तिच्यावरून नुसता वेटोळी घेत सुटतो, म्हणून हा प्रकार फारसा होत नाही. सहा महिन्यांनी हौस टिकली तर बेटकास्टर जरूर घ्या. तेव्हा ब्रेक पूर्ण लावायचे, आमिष लोंबकळत ठेवून बटण दाबायचं, आणि ते हळूहळू खाली येऊन जमिनीला टेकताक्षणी गरारी थांबेल इतका बाजूचा स्क्रू आवळायचा. त्यानंतरचं सगळं काम अंगठ्याचं.

मुलासाठी यातलं काहीच नको. त्याला वीस-पंचवीस डॉलरचं बटणवालं झेब्को रीळ द्या. बटण दाबून धरायचं, काठी झटकताना सोडायचं, बस. या रिळाची गोष्ट त्याला सांगण्यासारखी आहे. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात ‘झीरो अवर बॉम्ब कंपनी’ तेलविहिरींसाठी टाइम बॉम्ब बनवायची. धंद्याला नवीन काहीतरी हवं होतं. तेवढ्यात आर. डी. हल नावाचा टेक्सासचा घड्याळजी बंद टोपीच्या रिळाची कल्पना घेऊन त्यांच्याकडे आला. १९४९ मध्ये पहिली रिळं बाजारात आली, आणि कंपनीच्या नावातल्या इंग्रजी आद्याक्षरांचं पुढे झेब्को झालं. त्याच्या शंभरेक वर्षं आधी केंटकीत पहिली चांगली कास्टिंग रिळं बनवणाऱ्यांमध्येही घड्याळजी होते. दात्यांची चाकं नीट बसवणं ज्याला जमतं त्याला रीळ जमतं, असं म्हणायला हरकत नाही.

आमिषं फक्त दोन घ्या. एक, पाच इंची जाड, बिनपायाची रबरी अळी. गॅरी यामामोटोंची सेंको ही त्यातली मूळ. तिच्यासारख्या आता डझनभर मिळतात. दुसरं, तीच अळी टेक्सास रिगवर लावायला ३/० ची वाकड्या मानेची गरी आणि पाव औंसाची बंदुकीच्या गोळीसारखी वजनं. म्हणजे खरं तर एकच आमिष, दोन तऱ्हेने.

रबरी अळीचा शोध इथे घरचाच मानतात. ओहायोतल्या ॲक्रनमध्ये निक क्रीम यांनी १९४९ मध्ये ती घरच्या स्वयंपाकघरात बनवली आणि नंतर धंदा टेक्सासच्या टायलर गावी आणला. तुमच्याकडून पूर्वेला दोन तासांवर आहे टायलर.

पहिली तऱ्हा वॅकी. गरी अळीच्या बरोबर मध्यातून आरपार घालायची, वजन काही नाही. फेकायची आणि काही करायचं नाही. हे काही न करणं शिकायला मला एक अख्खा उन्हाळा लागला. अळीत मीठ असतं, त्यामुळे ती आपल्या वजनाने आडवी बुडते, आणि बुडताना दोन्ही टोकं थरथरतात. बहुतेक वेळा मासा याच वेळी घेतो. दोर सैल असतो, म्हणून टकटक जाणवेलच असं नाही. नजर दोर पाण्यात शिरतो त्या जागेवर ठेवा. दोर बाजूला सरकला, किंवा तळ गाठायला अवकाश असताना मध्येच बुडायचा थांबला, की मासा आहे. आधी सैल दोर गुंडाळा, मग काठी बाजूला ओढा. सिनेमातल्यासारखं डोक्यावरून झटकू नका, आठ पौंडी दोराला ते झेपत नाही.

दुसरी तऱ्हा टेक्सास रिग. दोरावर गोळी, मग गरी. गरी अळीच्या नाकातून पाव इंच आत घालून बाहेर काढायची, उलटी फिरवायची आणि टोक परत अळीच्या अंगात लपवायचं. आता ती गवतातून, बुडालेल्या झाडांच्या फांद्यांतून अडकल्याशिवाय निघते, आणि मासा राहतो तिथेच. तळाला टेकू द्या, काठीचं टोक वर उचला, परत टेकू द्या. चिखल मऊ लागतो, खडी खरखरते, लाकडावर चढताना ठप्प थांबून घसरते. पहिल्या आठ-दहा फेऱ्यांत मासा नाही लागला तरी चालेल, तळ वाचायला शिका. मी लहानपणी पेणच्या खारेपाटात उघाडीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, जिवंत कोळंबी लावून जिताड्याला बसायचो. तिथे आजोबांनी हेच शिकवलं होतं: पाणी कुठून येतं, कुठे वळतं, आणि चोर कुठे दडला असेल. तेव्हा माझ्या हातात रॉड नव्हता, हातदोरी होती, आणि टकटक थेट बोटाला लागायची. आजवरच्या कुठल्याही कार्बन रॉडने मला त्या बोटाइतकं सांगितलेलं नाही.

जिताड्यालाही इंग्रजीत एशियन सी बास म्हणतात, म्हणून इथले काही मराठी लोक दोघांना भाऊ समजतात. नातं नाही. इथला लार्जमाउथ बास सनफिशच्या कुळातला, तुमच्या तळ्यातल्या चिमुकल्या ब्लूगिलचा चुलता. सवय मात्र तीच: आडोशाला दबा धरायचा, तोंड एकदम उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढायचं. आणखी एक गंमत. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. बासमध्ये असं काही नाही, पण फार मोठा बास लागला तर ती मादीच असते. नर तेवढे वाढतच नाहीत.

कधी जायचं? फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत, सगळं सोडून. पाणी ६० अंश फॅरेनहाइटच्या आसपास आलं की मोठ्या माद्या उथळाकडे येतात. नर शेपटीने तळ झाडून घरटं करतो, मादी अंडी घालून जाते, आणि अंडी-पिल्लं राखायला बाप थांबतो. हे तुमच्या तळ्यातही घडतं. चष्मा ध्रुवीकृत काचेचा असेल तर काठावरून दिसेल. असा चष्मा वीस डॉलरचाही चालतो, आणि माझ्या मते दुसऱ्या रॉडच्या आधी तो घ्यावा. राखणीला बसलेल्या नराला मी गरवत नाही. कायद्याने बंदी नाही, पण त्याला उचललं की ब्लूगिल पाच मिनिटांत अंडी साफ करतात, ते मी पाहिलंय. उन्हाळ्यात उजाडताना आणि मावळताना एक एक तास, बाकी दिवस घरी बसा. ऑक्टोबरात शॅड नावाच्या छोट्या माशांचे थवे तलावाच्या चिंचोळ्या फाट्यांत शिरतात आणि बास त्यांच्या मागे. तेव्हा पाण्यावर खळबळ दिसली की तिथे फेका. हिवाळ्यात मासा असतो, आपला धीर नसतो. वारा असेल तर वारा ज्या काठावर आदळतो तो काठ धरा. फेकायला त्रास होतो म्हणून सगळे उलट्या काठाला उभे राहतात.

वर्षभरानंतर लेक फोर्कला जा. डॅलसपासून पूर्वेला दीड तास, सुमारे २७,००० एकर पाणी, आणि त्यात बुडालेल्या झाडांचं जंगल अजून उभं. ते भरताना सुरुवातीपासूनच त्यात फ्लोरिडा जातीचा बास सोडला होता, कारण तो जास्त मोठा होतो. टेक्सासचा विक्रमी बास तिथलाच: १८.१८ पौंड, जानेवारी १९९२. तो धरणारे बॅरी सेंट क्लेअर बासला गेलेच नव्हते, क्रॅपी नावाच्या छोट्या माशाला जिवंत मासोळी लावून बसले होते. सहाशेचा रॉड घेण्याची इच्छा झाली की मी ही गोष्ट आठवतो. नेहमी उपयोग होतोच असं नाही.

बोटवाल्यांच्या यंत्रांबद्दल थोडंच बोलतो. २०१८ मध्ये गार्मिनचं लाइव्हस्कोप आलं आणि बोटीसमोर पोहणारा एकेक मासा पडद्यावर हलताना दिसू लागला. स्पर्धांमध्ये त्यावरून भांडणं चालू आहेत. मी मित्राच्या बोटीवर वापरून पाहिलं. मासे जास्त मिळाले आणि दिवसभर मी पाण्याकडे बघितलं नाही. तुम्हाला सध्या त्याची गरज नाही.

आता आईंचं. माझे वडील आले होते तेव्हा मी त्यांना फोर्कवर नेलं. सकाळी आठच्या सुमारास साडेसहा पौंडांची मादी लागली. मी तिला उचललं, फोटो काढला, पाण्यात धरून सोडली. बाबा काठाला येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, “पेणला कुणी असा मासा सोडला असता तर घरच्यांनी त्याला डॉक्टरकडे नेलं असतं.”

त्यांना मी जे सांगितलं ते असं. फोर्कवर नियमच आहे की १६ ते २४ इंचांमधला बास ठेवायचा नाही. त्याहून छोटा ठेवता येतो, आणि २४ च्या वरचा दिवसाला एकच. मधल्या आकाराच्या माद्या पुढची पिल्लावळ वाढवतात, म्हणून. दहा पौंडांची मादी तयार व्हायला आठ-दहा वर्षं जातात. ती एकदा खाल्ली तर एक जेवण, सोडली तर तिची शेकडो पिल्लं आणि तिला पुन्हा गरवणारे कितीतरी लोक. पूर्वी इथेही मासे दोरीत ओवून मिरवत घरी न्यायचे. १९७२ मध्ये रे स्कॉट यांनी आपल्या बास स्पर्धांमध्ये मासे जिवंत ठेवून सोडायची पद्धत आणली, आणि हळूहळू ती रीत झाली. टेक्सास सरकार तर १९८६ पासून १३ पौंडांवरचे बास लोकांकडून उसने घेतं. हिवाळा सरता सरता फोन केला तर माणसं टाकी घेऊन येतात, मादीला अथेन्स गावच्या केंद्रात नेतात, अंडी घेतात आणि तिला परत तिच्या तलावात सोडतात. त्यातली पहिली, एथेल, १७.६७ पौंडांची, फोर्कचीच. अथेन्सच्या केंद्रात मोठ्या काचेच्या टाक्या आहेत आणि मुलांना गरवायला तळंही आहे. आईंना तिथे न्या.

बाबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “आणि तिला लागलं नाही?” लागतं. काही मासे सोडल्यावरही मरतात, विशेषतः उन्हाळ्यात आणि खोलातून वर ओढलेले. ते मी लपवत नाही. म्हणून हात ओले करून धरतो, मोठ्या माशाला नुसत्या जबड्यावर आडवं तोलत नाही, दुसरा हात पोटाखाली देतो, आणि माझा श्वास रोखून धरता येईल त्याहून जास्त वेळ त्याला पाण्याबाहेर ठेवत नाही. मुलाच्या गऱ्यांच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. मासा सहज सुटतो, आणि गरी मुलाच्याच बोटात गेली तर तीही सहज निघते. एवढं करूनही बाबांचा प्रश्न उरतोच. मी जातो कारण दोर बाजूला सरकतो त्या क्षणाची ओढ मला सुटत नाही. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पंधरा इंची दोन ठेवले आणि बाबांनी आगळ घालून कालवण केलं. निकाल: मांस पांढरं, काटे कमी, चव जिताड्याच्या पायरीलाही नाही. खायचाच असेल तर क्रॅपी किंवा कॅटफिश बघा.

परवान्याचं विसरू नका. सतराच्या आतल्या मुलाला लागत नाही, तुम्हाला लागतो. टेक्सासमध्ये सलग सहा महिने झाले नसतील तर तुम्ही बाहेरचे धरले जाता आणि जवळजवळ दुप्पट पैसे पडतात. तोवर स्टेट पार्कच्या आत काठावरून गरवा, तिथे परवाना लागत नाही. जूनच्या पहिल्या शनिवारी तर राज्यभर कुणालाच लागत नाही. कॉलनीच्या तळ्याचे नियम कॉलनीच्या ऑफिसात विचारून घ्या.

येत्या शनिवारी ऊन उतरल्यावर जा. तुमची अळी बाजूला ठेवा. मुलाच्या झेब्कोला आठ नंबरची छोटी गरी, वर एक बॉबर, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, आणि गांडुळाचा नखाएवढा तुकडा. ब्लूगिल दहा मिनिटांत येईल, आणि नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी बासची वाट बघायला लावू नये. पायात बूट हवेत. काठच्या गवतात पाणसाप असतात, विषारीसुद्धा. लांब नाकाची पक्कड खिशात. आईंसाठी घडीची खुर्ची न्या, आणि ती मांडण्याआधी जमीन नीट बघा. तळ्याकाठी लाल मुंग्यांची वारुळं असतात, आणि इथल्या मुंग्या आपल्याकडच्यांपेक्षा फार खुनशी.